मागच्या बाकावरचे पाहुणे

कृष्णपुरा, इंदूर
२ डिसेंबर १९६७

ती. आत्यास,
लांबून, पण पुरतं वाकून नमस्कार.

तुझं कार्ड बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘पद्मा एम.ए. झाल्यापासून तिचा हात दुखतो वाटतं’ हे वाक्य त्यांनी मुद्दाम पुन्हा वाचलं. हात दुखत नाही गं, घसा दुखतोय. मी शिकवायला लागले आहे!

झालं असं, की आमच्या अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख नानासाहेब उन्हाळ्यात परदेशी कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना एक खूळ घेऊन आले. त्यांचं म्हणणं, आपण पीएच.डी.च्या मुलांना वर्षानुवर्षं ग्रंथालयात कोंडून ठेवतो आणि मग एक दिवस हातात खडू देऊन वर्गात सोडतो. पोहता येतं का, हे न विचारता विहिरीत ढकलायचं, तसं. म्हणून यंदापासून आम्हा संशोधन करणाऱ्यांना शिकवायला शिकवणार आहेत. प्रत्येकाला बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक तुकडी, आठवड्यातून एक तास. शनिवारी सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांच्या तासांची उणीदुणी काढायची. आणि वर्ष संपायच्या आत बाहेरगावचा एक परीक्षक न सांगता येऊन मागच्या बाकावर बसणार. त्याच्या अहवालावर जुलैत लेक्चररची जागा मिळणार. जागा एकच आहे.

बाकीचे विभाग हसताहेत. माझ्याबरोबर संशोधन करणारा शामसुद्धा (त्याला सगळेच ‘भिया’, मीसुद्धा) म्हणतो, ‘‘पढ़ाना भी कोई सीखने की चीज है क्या भिया? आवाज पाहिजे, बस.’’ त्याचा आवाज राजवाड्यापर्यंत जातो, म्हणून त्याला असं सुचतं.

आता मुद्द्याचं. बाबांशी माझा करार झालाय, आईच्या साक्षीनं. ही जागा मिळाली तर पीएच.डी. होईपर्यंत घरात लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही मिळाली तर वैशाखात तू दाखवशील त्या मुलापुढे मी मुकाट्यानं पोह्यांची बशी घेऊन येईन. तेव्हा तुझ्या पाया पडते, आत्या, तोवर तुझी ती पत्रिकांची पिशवी उघडू नकोस. पंचक्रोशीतली लग्नं तू जमवलीस, मान्य. मला तेवढी वगळ.

माझा पहिला तास छान झाला.

तुझी,
पद्मा

ता.क. छान झाला नाही. खडू तुटून पडला, तो उचलायला मी वाकले आणि मागून शिट्टी आली. उरलेला तास मी फळ्याशीच बोलले.

——

लष्कर, ग्वाल्हेर
९ डिसेंबर १९६७

चि. पद्मास,
आशीर्वाद, आणि त्याच्यावर एक धपाटा.

फळ्याशी बोललीस? फळ्याचं काय व्हायचंय आता, बी.ए.?

तुझ्या आतोबांना मी सांगितलं, की इंदुरात शिकवायला शिकवतात. ते म्हणाले, ‘‘बरं आहे. आमच्या वेळी ही सोय असती तर मला गणित आलं असतं.’’ ते तुझ्या बाजूचे आहेत.

मी काही मास्तरीण नाही, पण हळदीकुंकवाला कहाणी मीच सांगते आणि एकही बाई वाण घेऊन मध्येच सटकत नाही. कशी, ते ऐक. ज्या बायका मन लावून ऐकतात त्यांच्याकडे मी बघतच नाही. त्या ऐकणारच. जी शेजारणीच्या पाटल्या न्याहाळत असते तिलाच एकदम विचारायचं, ‘‘काय हो, मग राणी काय म्हणाली असेल?’’ ती दचकते, काहीतरी ठोकून देते, सगळ्या हसतात, आणि पुढे कुणी पाटल्यांकडे बघत नाही. तुझा तो शिट्टीवाला शोध आणि त्याला राणीचं विचार.

करार समजला. पिशवी बंद. खुंटीला टांगली, गाठ मारून.

बाकी, तुझा तास कुठल्या वारी असतो गं? किती वाजता? आणि खोली कुठली? सहजच विचारते. मनात चित्र असलेलं बरं असतं. आणि तासाला साडी कुठली नेसतेस? परीक्षक झाला तरी शेवटी माणूसच.

तुझी,
प्रभावती आत्या

——

इंदूर
२२ डिसेंबर १९६७

ती. आत्यास,
थंडीनं काकडत नमस्कार.

शिट्टीवाला सापडला! लक्ष्मण नाव त्याचं, महूहून सायकल मारत येतो. त्याला उभं करून विचारलं, ‘‘बाजारात कांदे महागले, तर तुझी आई काय करेल?’’ म्हणाला, ‘‘मॅडमजी, आधी बाबूजींना ओरडेल, फिर आधा किलो घेईल.’’ वर्ग हसला, मी हसले, आणि मागणीचा नियम पाच मिनिटांत सगळ्यांना समजला. तुझी राणी आमच्या अर्थशास्त्रात फार कामाला आली.

शनिवारच्या बैठका म्हणजे शिक्षा असते. आपण तास घ्यायचा आणि खुद्द नानासाहेब पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होऊन बाकावर बसतात. डुलक्या काढतात, चिठ्ठ्या फेकतात, ‘‘मॅडम, परीक्षा में आएगा क्या?’’ असं विचारतात. परवा शामनं आपल्या आवाजात अर्धा तास भाषण ठोकलं. नानासाहेब म्हणाले, ‘‘तासाला ज्याचं तोंड जास्त चाललं, शिक्षण त्याचंच झालं. शाम, तुझं शिक्षण उत्तम चाललंय.’’

मला मात्र एकच भीती आहे. पोरांसमोर आता मी नीट बोलते. पण परीक्षक आला की सगळं विसरून फळ्याकडे वळेन. म्हणून त्या दिवसासाठी मी एक भाषण इंग्रजीत लिहून ठेवलंय. तो दिसला की ते काढायचं आणि वाचायचं. नानासाहेबांना सांगितलेलं नाही.

माझा तास गुरुवारी, अकरा वाजता. जिना चढून डावीकडची शेवटची खोली. साडी जी वाळली असेल ती.

तुझी,
पद्मा

——

ग्वाल्हेर
८ जानेवारी १९६८

चि. पद्मास,
तिळगूळ पाठवला आहे. प्रतापला कमी दे, त्याच्या दाताचं मला माहीत आहे. तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे.

गुरुवारी जांभळी नेसत जा. दर गुरुवारी. का, ते विचारू नकोस. जांभळा रंग परीक्षकांना मानवतो, असं ऐकून आहे.

घाईत,
आत्या

——

इंदूर
१९ जानेवारी १९६८

ती. आत्यास,
उड्या मारत नमस्कार. तुझी जांभळी पावली!

काल परीक्षक येऊन गेले. मी खोलीत शिरले तर मागच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात काठी, मुद्रा अशी गंभीर की जणू दातांच्या डॉक्टरकडे आलेत. शेजारी एक तरुण, बहुधा त्यांचा कारकून. त्याला काही काम दिसलं नाही, सारखा केसांवरून हात फिरवत होता.

मी एकही शब्द इकडचा तिकडचा न बोलता पिशवीतून ते भाषण काढलं आणि खाली मान घालून शेवटपर्यंत वाचलं. आवाज हळू, मोठाल्या इंग्रजी शब्दांसकट. कुणालाही काही विचारलं नाही. लक्ष्मण दोनदा हात वर करत होता, त्याला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. माशी उडाली तरी कळावी, इतकी शांतता. तास संपल्यावर मी परीक्षकांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, ‘‘अतिशय शालीन. अतिशय.’’ आणि कारकुनाकडे बघून मान हलवली. कारकून लाजला. लाजायचं त्याला काय कारण होतं, देव जाणे.

पोरं मात्र जाताना माझ्याकडे अशी बघत होती, की जणू त्यांच्या घरी मी चोरी केलीय. लक्ष्मण म्हणाला, ‘‘मॅडमजी, तबियत बरी नाही काय?’’

असू दे. जागा माझी झाली म्हणून समज!

तुझी,
लेक्चरर पद्मजा

——

ग्वाल्हेर
२५ जानेवारी १९६८

चि. लेक्चररबाईंस,
वाकून आशीर्वाद. (तू वाकतेस, मग मी का नको?)

तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला, की आतोबांना दुपारी श्रीखंड मिळालं. त्यांनी कारण विचारलं नाही. श्रीखंडाचं कारण ते कधीच विचारत नाहीत.

मागच्या बाकावरच्या मंडळींना तू फार आवडलीस, असं कळतं. म्हणजे, आवडलीच असशील, असं मला आपलं वाटतं. मुलीची मान खाली, आवाज हळू, उलट प्रश्न नाही, वडीलधाऱ्यांना नमस्कार. कुणाला नाही आवडणार?

प्रतापला मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात विशेष काही नाही. तू वाचू नकोस.

तुझी,
आत्या

——

इंदूर
२ फेब्रुवारी १९६८

ती. (अजून ती.च, पण थोडक्यात वाचलीस) आत्यास,

तुझा डाव कळला.

बाबांच्या पोटात काही राहत नाही, हे तू त्यांची थोरली बहीण असून विसरलीस? मंगळवारी जेवताना ते आईला म्हणाले, ‘‘प्रभाताईनं भोपाळचा इंजिनिअर काढलाय. दिवाकर नाव. पद्माच्या वर्गातच बसून तिला बघणार म्हणे, घरी पोह्यांचा घाट नको.’’ आईनं डोळे वटारले, तेव्हा बाबा वरणाबद्दल बोलायला लागले. उरलेलं मी आईकडून काढून घेतलं. भोपाळचा, चष्मेवाला, याआधी मुली बघून बघून थकलेला. जांभळी! खोली! ‘मनात चित्र असलेलं बरं!’

बाबांना मी काहीच बोलले नाही. म्हटलं, परीक्षक तर येऊन गेलेत, आता येईल तो हाच. येऊ दे.

आणि काल तो आला. मागच्या बाकावर एकटाच. उंच, चष्मा, करडा कोट, आणि मांडीवर कागद. कागद, आत्या! मुलगी बघायला आलेला माणूस लिहून घेतो? नाक बरं, रंग सावळा, असं?

मी पदर खोचला. भाषण पिशवीतच ठेवलं. पोरांना म्हटलं, ‘‘किताबें बंद. आज घटत्या उपयोगितेचा नियम. समझो, एक साहब लड़की देखने निकले हैं. पहिल्या घरी पोहे आले. कैसे लगे?’’

‘‘झकास, मॅडमजी!’’

‘‘दुसऱ्या घरी?’’

‘‘ठीकठाक.’’

‘‘पाचव्या घरी?’’

लक्ष्मण म्हणाला, ‘‘सेव ज्यादा डालनी पड़ेगी.’’

‘‘और सातव्या घरी?’’

‘‘साहब पोहे देखेंगे ही नहीं, मॅडमजी, घड़ी देखेंगे.’’

मग मी बोट दाखवलं. ‘‘आप. पीछेवाले साहब. जरा खड़े होइए.’’ त्यानं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. मग बिचारा उभा राहिला.

‘‘आपने आज तक कितने घरों के पोहे खाए?’’

‘‘घरों के तो नहीं,’’ तो म्हणाला, ‘‘आज सुबह राजवाड़े पर दो प्लेट खाए.’’

‘‘तीसरी क्यों नहीं ली?’’

तो खरंच विचार करायला लागला. म्हणाला, ‘‘मन था. पर उतना नहीं था.’’

‘‘लिख लो सब, यही नियम है. अब बताइए साहब, सातवीं लड़की पसंद न आए, तो कमी लड़की में है या देखनेवाले के पेट में?’’

‘‘पेट में,’’ तो म्हणाला. वर्गानं बाक बडवले.

‘‘और बारात कहाँ से आई है आपकी?’’

‘‘भोपाल से,’’ म्हणाला, आणि खाली बसून कागदावर भराभर लिहायला लागला. कान लाल झाले होते. तास संपल्यावर मी त्याच्याकडे न बघता ताठ मानेनं बाहेर पडले.

सांग तुझ्या दिवाकराला, सातव्या घरचे पोहे कसे होते!

तुझी (सध्या तरी),
पद्मा

——

ग्वाल्हेर
६ फेब्रुवारी १९६८

पद्मे,
तू उभं कुणाला केलंस?

दिवाकर अठरा जानेवारीला येऊन गेला. राजेंद्र नगरला त्याचे मामा राहतात, त्यांना घेऊन. टोपी, काठी आणि शालीन म्हणणारे ते मामा. आणि ज्याला तू कारकून म्हणालीस, तो केस सावरणारा, तो दिवाकर! चष्मा त्यानं खिशात ठेवला होता, बरा दिसावा म्हणून. त्याला तू पसंत आहेस. होकार कधीच आला आहे, तेच मी प्रतापला कळवलं होतं. तो माझं पत्र अर्धं वाचतो आणि अर्धं मनानं ठरवतो, लहानपणापासून.

मग एक तारखेला भोपाळहून आलेला, मांडीवर कागद घेतलेला, तो कोण गं बाई?

श्रीखंड बंद केलं आहे. ताबडतोब लिही.

आत्या

——

इंदूर
१० फेब्रुवारी १९६८

ती. आत्यास,
नमस्कार.

तो परीक्षक.

तुझं पत्र काल मिळालं. रात्रभर मी स्वतःला बोहल्यावर बघत होते. ज्याच्या हातात माझी जागा, त्याला मी सगळ्यांदेखत उभं केलं, त्याच्या पोटाचा विषय काढला, वरात विचारली. मनात नक्की झालं, की वैशाख आला.

आज शनिवारची बैठक. नानासाहेब टपालानं आलेला अहवाल घेऊन बसले. प्राध्यापक आनंदराव, भोपाळ. बायकोमुलं असलेले, सभ्य, विद्वान गृहस्थ. नानासाहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. माझ्याबद्दलचा भाग मला पाठ झालाय, तसाच उतरवते.

‘कुमारी पद्मजा यांच्या तासाला मी निरीक्षणासाठी बसलो होतो. त्यांनी मला उभं केलं. सकाळी खाल्लेले पोहे कबूल करायला लावले आणि तिसरी प्लेट का घेतली नाही, ते विचारलं. हा नियम मी बरीच वर्षं शिकवतो आहे, पण तिसऱ्या प्लेटचा विचार मी प्रथमच केला. वर्गातला एकही विद्यार्थी झोपला नव्हता आणि तास संपल्यावर मुलं जिन्यातही वाद घालत होती. जागेसाठी यांचीच शिफारस करतो. एक सूचना: पाहुण्यांना वरातीबद्दल विचारू नये. माझी वरात फार पूर्वी निघून गेली आहे.’

आत्या, मी रडले. सगळ्यांसमोर, पदरात तोंड घालून. शाम म्हणाला, ‘‘रोती काय आहेस भिया, तू तर मैदान मारलंस!’’ त्याच्याबद्दल आनंदरावांनी लिहिलंय, की आवाज जिन्यापासूनच ऐकू आला.

पण घरी वेगळंच चाललंय. जागेची बातमी सांगितली, तेव्हा बाबांना आनंद झाला, मग म्हणाले, ‘‘करार केला तेव्हा असं स्थळ डोळ्यांपुढे नव्हतं, बेटा.’’ दिवाकरकडच्यांचं म्हणणं, मुलगी एवढी गरीब स्वभावाची आहे, तिला नोकरीचा त्रास कशाला. भोपाळला सुखानं घर सांभाळेल. बाबांना ‘नाही’ म्हणवत नाही. आणि मी ‘नाही’ म्हटलं तर शब्द तुझा जातो, हेही मला दिसतंय.

वाईट ह्याचं वाटतं, की त्यांना जी आवडली ती मी नव्हेच. त्या दिवशी मी घाबरले होते, इतकंच.

काय करू?

पद्मा

——

ग्वाल्हेर
१५ फेब्रुवारी १९६८

चि. पद्मास,
आशीर्वाद. डोळे पूस.

माझ्या शब्दाची काळजी तू करू नकोस. माझा शब्द जाड कातडीचा आहे.

आतोबांना अहवाल वाचून दाखवला. ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, ‘‘प्रभा, त्या भोपाळच्या मुलाला अर्धाच माल दाखवून गिऱ्हाईक पटवलंस. हे बरं नाही.’’ मला राग आला. मग पटलं.

तेव्हा मी दिवाकरच्या आईला लिहिलं आहे: ‘मुलगी एकदा बघून भागत नाही. चिरंजीवांनी पुन्हा एकदा वर्गात यावं, या वेळी चष्मा लावून. दुसऱ्यांदाही पसंत पडली, तर मी स्वतः प्रतापला तयार करते.’ प्रतापलाही हेच कळवलं आहे. त्याला ते रास्त वाटलं. वाटणारच, कारण त्याला काहीच करावं लागत नाही.

तो आला, तर मुद्दाम खोड्या काढायच्या नाहीत. मुद्दाम शालीनही व्हायचं नाही. दर गुरुवारी शिकवतेस, तशीच शिकव. साडी वाळेल ती.

तुझी,
आत्या

——

इंदूर
१ मार्च १९६८

ती. आत्यास,
नमस्कार.

काल दिवाकर आले होते. एकटेच, चष्मा लावून. शपथेवर सांगते, मी काहीही मुद्दाम केलं नाही.

विषय होता बाजारभाव कसा ठरतो. मी नेहमीप्रमाणे एकेकाला विचारत मागे मागे गेले. शेवटच्या बाकाशी पोचले, तेव्हा त्यांनाही विचारलं, जसं कुणालाही विचारते, ‘‘आपको क्या लगता है? भाव खरीदनेवाला तय करता है या बेचनेवाला?’’

ते उठले नाहीत. पायावर पाय टाकून म्हणाले, ‘‘मैं यहाँ पढ़ने नहीं आया. देखने आया हूँ.’’

मी काही बोलणार, तोच लक्ष्मण वळून अगदी आदरानं म्हणाला, ‘‘भियाजी, देखने का तो टिकट लगता है.’’

आत्या, मी हसायला नको होतं. मला कळत होतं, की हसायला नको. पण सगळा वर्ग बाकांवर लोळत होता, आणि मी फळ्याला टेकून, खडूसकट, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते ‘‘यह क्या तरीका है’’ असं म्हणून निघून गेले. जिन्यावरून जाताना त्यांच्या बुटांचा आवाज येत होता.

मग मी वर्गाला रागावले. थोडंसं. आणि तास पुढे चालू केला, कारण अजून निम्मा राहिला होता.

आता तुला काय निरोप येतो, ते बघ. मी बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. ते मला दोनदा विचारून गेले आणि मी दोन्ही वेळा भाजी चिरत होते.

तुझी,
पद्मा

——

ग्वाल्हेर
९ मार्च १९६८

चि. पद्मास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

नकार आला! दिवाकरच्या आईनं कार्ड टाकलं आहे. एवढी स्थळं मी जमवली आणि एवढी मोडलेली पाहिली, पण असं कारण कधी वाचलं नव्हतं. लिहितात: ‘मुलगी सर्व दृष्टींनी योग्य आहे, परंतु शिकवते.’

आतोबांनी आपण होऊन श्रीखंड मागितलं. दिलं.

कार्ड तसंच्या तसं प्रतापला धाडलं आहे आणि खाली लिहिलं आहे, की आता करार पाळ. मागे फिरलास तर मी इंदूरला येऊन तुझ्या ऑफिसात साहेबाच्या समोर तुझा कान धरीन. तो पाळील. माझ्या हाताची त्याला आठवण आहे.

पोरी, एक सांगते. तुला मी त्या खोलीत फसवून दाखवलं, ते चुकलं. पण ‘मैं देखने आया हूँ’ हे वाचलं, आणि मला माझा स्वतःचा दाखवण्याचा दिवस आठवला. मला बघायला आले तेव्हा बैठकीत पंधरा माणसं होती. कुणी नाव विचारलं नाही, ते त्यांना माहीत होतं. फक्त ‘‘चालून दाखव’’ म्हणाले. मी चालले. दारापर्यंत गेले, परत आले, बसले. आतोबा चांगले निघाले, माझं नशीब. पण त्या दिवशी मला त्यांना विचारायचं होतं, की तुम्हाला सतार आवडते का. विचारायला लग्नानंतरचं दुसरं वर्ष उजाडलं. त्यांना आवडत नाही. तुझ्या वर्गात ती पोरं लोळत हसत होती ना, त्यांच्यात मी असते तर सगळ्यांत मोठ्यानं हसले असते.

पिशवी मी खुंटीवरून काढली आहे. त्यातल्या पत्रिका ज्याच्या त्याला परत करते आहे. सगळ्या नाही, दोनचार मुली खरंच उतावळ्या आहेत.

जुलैत तुझा लेक्चरर म्हणून पहिला तास असेल, तेव्हा मी इंदूरला येणार. आतोबांनाही आणते. मागच्या बाकावर बसू, कुणाशी बोलणार नाही, वचन देते. एवढंच कर, पद्मा. मी दिसले म्हणून आवाज खाली आणू नकोस.

तुझी,
प्रभावती आत्या